कापडी बाहुल्या आणि बाहुली-गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहुली-गटात, म्हणजे एकत्र बसून कापडी बाहुल्या शिवणाऱ्यांच्या गटात, पहिल्यांदा येणारं माणूस बहुतेक वेळा पिशवीत एक अर्धवट बाहुली घेऊन येतं. कुणाची मान लटकत असते, कुणाचे डोळे जमलेले नसतात, कुणी ती पाच वर्षांपूर्वी सुरू करून कपाटात ठेवलेली असते. मग प्रश्न सुरू होतात. मी अनेक वर्षं अशा गटात बसते आहे. तेच प्रश्न आणि आम्ही एकमेकांना देत आलेली उत्तरं इथे लिहून ठेवते.

मला शिवणकाम येत नाही. मला जमेल का?

जमेल. बाहुलीसाठी मुळात दोनच टाके यावे लागतात, धावदोरा आणि हातटीप. धावदोऱ्यात सुई वर-खाली होत सरळ पुढे जाते. हातटीपेत ती दर वेळी एक टाका मागे येते आणि मग पुढे जाते, त्यामुळे शिवण घट्ट बसते. अंगाची शिवण हातटीपेनंच घाला. भरताना आतून बराच दाब येतो आणि धावदोऱ्याच्या फटींतून भराव डोकावायला लागतो. एक दुपार जुन्या कापडावर सराव केला की हात बसतो.

शिलाई मशीन हवंच का?

नाही. असेल तर टाका बारीक ठेवा, दीड ते दोन मिलिमीटरचा. टाका मोठा ठेवला तर गाल, हनुवटी, अंगठा अशा वळणांना कोपरे येतात आणि ते नंतर काही केल्या जात नाहीत.

कापड कोणतं घ्यावं?

घट्ट विणीचं सुती. मांजरपाट उत्तम, पॉपलिनही चालतं. कापड उजेडासमोर धरून बघा. धाग्यांच्या मधून प्रकाशाचे ठिपके दिसले तर ते कपड्यांसाठी ठेवा, अंगासाठी नको. मलमल हाताला कितीही छान लागली तरी भरताना तिची वीण फाकते.

कापड आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच आखा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि ते बाहुली झाल्यावर आटलं तर शिवणी ओढल्या जातात. आखताना शिवणीबाहेर ६ मिलिमीटर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडा. शिवून झालं की वळणांवर ती ३ मिलिमीटरपर्यंत कापा आणि आतल्या वळणांना, म्हणजे मान, काख, मांड्यांमधली जागा, टाक्याच्या अगदी जवळपर्यंत खाचा द्या. बाहुली उलटवल्यावर, म्हणजे सुलट बाजू बाहेर काढल्यावर, मानेला सुरकुत्या पडल्या, तर दहांतल्या नऊ वेळा खाच अर्ध्यावर थांबलेली असते.

आत काय भरायचं?

खेळण्यातली, धुतली जाणारी बाहुली असेल तर पॉलिस्टरचा भराव. तो पाण्यानं गोळा होत नाही आणि लवकर वाळतो. कापसाच्या बाहुलीला छान वजन येतं, ती कुशीत धरावीशी वाटते, पण धुतली की आत गाठी होतात आणि वाळायला फार वेळ घेते. पिंजलेली लोकर मला सगळ्यांत आवडते, ती दाबली की परत वर येते. चिंध्या भरल्या तर अंग खडबडीत होतं.

भराव अंदाजापेक्षा बराच जास्त लागतो. नवीन माणूस हमखास कमी भरतं. हातापायांच्या टोकांना चिमटीभर घ्या, पण पोटात आणि डोक्यात मोठे, सैल पुंजके घाला. डोक्यात छोटे छोटे गोळे कोंबले की गालांवर टेंगळं उठतात.

माझ्या बाहुलीची मान लटकते. काय चुकलं?

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की त्याला जरा वेळ देते. माझी पहिली बाहुली मी एका लहान मुलीसाठी केली होती. दिली त्या दिवशी मान ताठ होती. पंधरा दिवसांनी डोकं छातीवर आलं, आणि ती मुलगी तिला एका हातानं हनुवटीखाली आधार देऊन फिरवत होती. ते बघून मला फार वाईट वाटलं आणि मी मान शिकायचं मनावर घेतलं.

होतं असं की मान ही दोन मोठ्या खोल्यांमधली अरुंद वाट असते. बाहुली हाताळली जाते तसा तिथला भराव थोडा डोक्यात सरकतो, थोडा छातीत उतरतो आणि मधे पोकळी राहते. म्हणून मान फार बारीक आखू नका. डोकं आधी गच्च भरा, मग मान, आणि मान भरून झाल्यावर हात न थांबवता लगेच खांदे. मध्ये खंड पडला की तिथेच सांधा राहतो आणि तिथेच ती वाकते. भरलेली मान दोन बोटांत दाबून बघा. बोटं एकमेकांकडे गेली तर अजून भरा. आता पुरे असं वाटल्यावर आणखी दोनदा भरायचं, असं आमच्याकडे सांगतात आणि ते खरं आहे.

शोभेच्या बाहुलीत डोक्यापासून छातीपर्यंत गुळगुळीत लाकडी काडी घालता येते, तिच्या दोन्ही टोकांना कापड गुंडाळून. मुलांच्या बाहुलीत मात्र काडी, तार यातलं काहीही घालायचं नाही. आणि लटकलेली मान दुरुस्त होते. पाठीची शिवण पाच सेंटिमीटर उसवा, भराव वर ढकला, पुन्हा शिवा. त्या मुलीच्या बाहुलीचं मी तेच केलं.

बोटं कशी करायची? माझी उलटतच नाहीत.

कापण्याआधी शिवा. कापडाचे दोन थर, वरच्या थरावर हाताची आकृती, आणि थेट रेषेवर बारीक टीप. दोन बोटांच्या बेचक्यात नुसतं टोक काढू नका, तिथे दोन आडवे टाके घ्या. कात्री टोकाशी येऊन थांबायला ती जागा लागते. मग बारीक टोकदार कात्रीनं बेचक्यात टाक्याला लागेपर्यंत कापा, पण टाका तुटू देऊ नका.

उलटवायला पिण्याची नळी वापरा. नळी बोटाच्या आत घाला, बाहेरून बोटाच्या टोकावर बोथट काडी ठेवा आणि काडीनं कापड नळीत ढकला. एक-दोनदा घसरते, मग एकदम सर्रकन आत जातं. पाचही बोटं बाहेर आली की तो हात नुसता रिकामा, चुरगळलेला असतो, तरी कुणीतरी बोटं उघडून दाखवतंय असं वाटतं. आमच्याकडे पहिल्यांदा बोटं उलटली की ती प्रत्येकजण सगळ्या टेबलाला दाखवते.

सुरुवातीला पाच बोटं नकोच वाटली तर अंगठा वेगळा आणि चार बोटांच्या जागी नुसत्या वरून टिपा मारा. छान दिसतं.

चेहरा करायची भीती वाटते.

सगळ्यांना वाटते. तीस बाहुल्या केलेल्या बाईही डोळ्यांशी आल्यावर सुई खाली ठेवून पाणी पिऊन येतात.

आधी जागा ठरवा. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. नवशिके ते कपाळात काढतात, कारण आपण माणसाकडे बघताना केसांखालचं डोकं मोजत नाही. लहान मुलाचे डोळे मध्याच्याही खाली असतात, आणि एकमेकांपासून लांब. नुसती ही एक गोष्ट बदलली तर त्याच डोक्याची आई होते किंवा बाळ होतं. दोन टाचण्या घ्या, रंगीत डोक्याच्या, आणि डोळ्यांच्या जागी टोचून बघा. एक जरा खाली सरकवा. दोन्ही जवळ आणा. प्रत्येक वेळी समोर वेगळं कुणीतरी बसलेलं असतं. ओळखीचं वाटलं की थांबा आणि तिथे खूण करा. टाचण्या मोजून परत डबीत टाका.

खुणेच्या पेनाबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाण्यानं जाणाऱ्या शाईवर इस्त्री फिरली तर ती पक्की होऊ शकते. इस्त्रीनं जाणाऱ्या शाईच्या रेघा थंडीत परत उमटू शकतात. दोन्ही आधी तुकड्यावर बघून घ्या.

भरतकाम करणार असाल तर दोऱ्याची गाठ केस येणार असतील तिथे, डोक्यामागे लपवा. बुबुळ भरीव टाक्यानं, पापणीची कड साखळी टाक्यानं किंवा बारीक हातटीपेनं. ओठ लहान ठेवा, तुमच्या मनात आहेत त्याहूनही लहान. शेवटी प्रत्येक डोळ्यात वरच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचा एकच टाका घ्या, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. तो टाका पडेपर्यंत ते डोळे भरतकाम असतात. पडला की ती तुमच्याकडे बघायला लागते. मी हे शेकडो वेळा पाहिलंय आणि अजून माझा हात तिथे थबकतो.

चेहरा नसलेली बाहुली चालते का?

चालते, आणि तिला मोठी परंपरा आहे. अमेरिकेतल्या आमिश, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, लोकांच्या पारंपरिक कापडी बाहुल्या बिनचेहऱ्याच्या असतात. वॉल्डॉर्फ पद्धतीच्या बाहुल्यांना नुसते दोन ठिपक्यांचे डोळे आणि छोटंसं तोंड असतं. जर्मनीत स्टुटगार्टला १९१९ साली सुरू झालेल्या वॉल्डॉर्फ शाळेच्या विचारातून त्या आल्या. बाहुली हसरी शिवली तर ती कायम हसत राहणार. चेहरा मोकळा ठेवला तर मूल तिला हवं तेव्हा हसवतं, हवं तेव्हा रडवतं. तुम्ही भीतीपोटी चेहरा टाळत असाल तर मात्र एकदा काढूनच बघा.

केस?

लोकर सोपी. पुठ्ठ्याभोवती गुंडाळा, मधोमध टीप मारा, तोच भांग झाला. मग भांगाच्या रेषेवर डोक्याला शिवा. मागचं टक्कल झाकायला एक ओळ मानेच्या वरही शिवावी लागते.

तान्ह्या मुलाला द्यायची बाहुली कशी असावी?

तीन वर्षांखालच्या मुलासाठी मणी, बटणं, टिकल्या, खोटे डोळे काहीही नको. लहान मुलाच्या घशात अडकेल असा भाग ओळखण्यासाठी खेळण्यांच्या तपासणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळकांडी वापरतात. त्यात जे पूर्ण मावतं ते धोक्याचं. बटण कितीही पक्कं शिवलं तरी दोरा झिजतो आणि मूल दातांनी ओढतं. सगळं भरतकामानं करा. लांब लोकरीचे केस, लांब नाड्या, रिबिनी नकोत. शिवण दुहेरी घाला.

आणि टाचण्या मोजा. सुरुवातीला किती होत्या ते कागदावर लिहून ठेवा आणि बाहुली बंद करण्याआधी पुन्हा मोजा. आमच्या गटात एकदा एक टाचणी कमी भरली. पूर्ण भरलेली बाहुली उसवून सगळा भराव बाहेर काढला. ती पायात सापडली. कुणीही कुरकुर केली नाही.

धुवायची कशी?

कोमट पाणी, सौम्य साबण, हातानं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी वाळवा. टांगली तर पाणी पायात उतरतं आणि पाय जड होतात.

गटात नेमकं करता काय?

शिवतो. महिन्यातून एकदा, तीन-चार तास, आठ-दहा जणी आणि दोन पुरुष. सुरुवातीला प्रत्येकानं महिन्याभरात केलेलं टेबलावर ठेवायचं, पूर्ण असो वा नसो. त्यावर बोलणं होतं. मग कुणीतरी एक तंत्र दाखवतं: जुन्या मोज्याचं डोकं, वाकणारे गुडघे, कापडातूनच टाके ओढून नाक उठवणं. उरलेला वेळ हात चालू आणि तोंडही.

हे हात चालू असण्याचं महत्त्व मला उशिरा कळलं. नजर सुईवर असली की माणूस मोकळं बोलतं. समोरासमोर बसून जे विचारलं नसतं ते बाहुलीचा पाय भरता भरता विचारलं जातं, आणि उत्तरही तसंच, डोकं वर न करता येतं. एका बाईंनी यजमान गेल्यानंतर वर्षभर एकही बाहुली पूर्ण केली नाही. येऊन फक्त दुसऱ्यांच्या बाहुल्या भरून द्यायच्या. त्यांच्यासारखं गच्च, एकसारखं भरणं कुणाला जमत नसे, म्हणून सगळ्याजणी आपापले हातपाय त्यांच्यापुढे सरकवायच्या. वर्षानं एके दिवशी त्यांनी पिशवीतून एक डोकं काढलं आणि म्हणाल्या, “याला नाक कसं करू गं?” टेबलावर क्षणभर कुणीच बोललं नाही. मग तीनजणी एकदम उठल्या.

घरी व्हिडिओ बघून शिकता येतं. मग गट कशाला?

व्हिडिओवरून जरूर शिका, आम्हीही बघतो. पण मान पुरेशी भरली का हे दाबूनच कळतं, आणि ते दुसऱ्याच्या बोटांनी दाबलेलं बरं. शिवाय घरी बाहुली डोळ्यांशी अडली की कपाटात जाते. गटात ती टेबलावर असते आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी विचारतंच, काय गं, तिचे डोळे?

सगळ्यांनी एकच नमुना (कापडावर आखायचा कागदी आराखडा) शिवला तर बाहुल्या सारख्याच होत नाहीत का?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण याचं उत्तर प्रत्यक्ष बघायला मिळतं. वर्षातून एकदा आम्ही सगळे एकच नमुना, एकाच थानातलं कापड घेऊन बसतो. साधारण ३५ सेंटिमीटरची, अगदी साधी बाहुली. महिन्यानं त्या ओळीत मांडतो. एक उंच आणि शेलाटी, दुसरी गुबगुबीत, एक खांदे पाडून बसलेली, एक कुणाशी तरी भांडायला निघालेली.

याची थोडी कारणं सांगता येतात. कापड उभ्या धाग्यापेक्षा आडव्या धाग्यावर जास्त ताणतं. नमुना उंचीच्या दिशेनं उभ्या धाग्यावर ठेवला तर भरताना बाहुली रुंदीत फुगते. फिरवून ठेवला तर लांबते. कुणी रेषेच्या आतून शिवतं, कुणी बाहेरून. दोन मिलिमीटरचा फरक मानेवर फार मोठा दिसतो. कुणाचा हात घट्ट भरतो, कुणाचा सैल. एवढं समजावून सांगता येतं.

पण ओळीत मांडलेल्या बाहुल्या बघून कुठली कुणाची हे आम्ही न विचारता ओळखतो. भुवया तशाच चढलेल्या, ओठ तसेच मिटलेले. आरशात रोज बघितलेला चेहरा हातात उतरतो बहुधा. आमच्यातल्या एका आजींच्या प्रत्येक बाहुलीचं डोकं थोडं डावीकडे कललेलं असतं. आजींना उजव्या कानानं कमी ऐकू येतं आणि त्या ऐकताना डावा कान पुढे करतात. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. मला त्या कललेल्या बाहुल्या जगातल्या कुठल्याही सुबक बाहुलीपेक्षा जवळच्या वाटतात, कारण त्या ऐकत असतात.

फिरती बाहुली म्हणजे काय?

एकानं अंग करायचं, पिशवीत घालून दुसऱ्याला द्यायचं. दुसरा चेहरा करतो, तिसरा केस, चौथा कपडे, पाचवा जोडे. शेवटी ती पहिल्याकडे परत येते. नियम एकच, आधीच्या माणसानं केलेलं उसवायचं नाही. तुम्ही मनात आजी धरून अंग शिवलेलं असतं आणि परत येते ती नाविक होऊन. पहिल्यांदा थोडं जड जातं. पण पिशवी उघडताना जी धडधड होते तिच्यासाठी लोक पुन्हा नाव देतात.

पुरुष येतात का?

येतात. आमच्याकडचे सगळ्यांत सुबक चामडी बूट एका निवृत्त काकांचे. बूट चार सेंटिमीटरचा, आणि त्याला खऱ्या नाडीची खरी भोकं.

नमुन्याची झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटली तर?

नको. विकत घेतलेला नमुना ही ज्यानं तो आखला त्याची मेहनत आहे. अशा एका नमुन्यामागे कितीतरी फसलेली डोकी असतात. प्रत्येकानं आपली प्रत घ्यावी, किंवा गटानं मिळून स्वतःचा नमुना आखावा. दुसरं जास्त मजेचं आहे. बाहुल्या विकायच्या असतील तर नमुन्यावर त्याची परवानगी आहे का तेही वाचा.

कापडी बाहुल्या किती जुन्या?

कापड कुजतं, म्हणून फार जुन्या हाती लागत नाहीत. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तमधली, रोमन काळातली एक चिंध्यांची बाहुली आहे, इसवी सनाच्या १ल्या ते ५व्या शतकातली. तागाचं कापड, आत चिंध्या आणि पपायरसचे तुकडे. चेहरा आता उरलेला नाही, पण हात आहेत, धड आहे, आणि कुणीतरी हातातलं उरलंसुरलं आत भरलंय.

अमेरिकेत इझाना वॉकर या बाईंनी १८७३ साली आपल्या कापडी बाहुलीचं पेटंट घेतलं. आणि माझी लाडकी गोष्ट जर्मनीतल्या केटे क्रूझे यांची. १९०५च्या सुमारास त्यांच्या छोट्या मुलीला बाहुली हवी होती. मुलीच्या शिल्पकार वडिलांना दुकानातल्या बाहुल्या पसंत नव्हत्या, म्हणून त्यांनी विकत घ्यायला नकार दिला. केटेबाईंनी एक टॉवेल घेतला, त्यात वाळू भरली आणि डोक्याच्या जागी बटाटा बांधला. मुलीला ती आवडली. १९१०मध्ये बर्लिनच्या एका प्रदर्शनात त्यांच्या बाहुल्या मांडल्या गेल्या आणि मागण्यांचा ओघ लागला. त्यांच्या नावाच्या बाहुल्या आजही निघतात.

एवढ्या बाहुल्यांचं करायचं काय?

काही नाती-पुतण्यांकडे जातात, काही विकल्या जातात. बऱ्याच आम्ही आजारी मुलांसाठी शिवतो, मुद्दाम बिनचेहऱ्याच्या, साध्या सुती. अशा बाहुल्या अनेक देशांतल्या रुग्णालयांत वापरतात. शस्त्रक्रिया कुठे होणार, सुई कुठे टोचणार हे बाहुलीवर दाखवतात आणि मूल रंगाच्या पेनानं तिचा चेहरा स्वतः काढतं. इटलीत युनिसेफसाठी स्वयंसेवक ‘पिगोत्ता’ नावाच्या चिंध्यांच्या बाहुल्या शिवतात आणि त्या दत्तक घेणाऱ्यांच्या पैशांतून मुलांना मदत होते. कुठेही द्यायच्या असतील तर आधी विचारा: भराव कोणता चालतो, धुतलेल्या हव्यात का, किती हव्यात.

दोन-चार मात्र कुणाला देववत नाहीत. त्या ठेवा.

पहिल्या भेटीला काय आणू?

कात्री, सुई, कापडाशी जुळणारा पक्का दोरा. मांजरपाट आणि भराव गटात असतो. आणि घरातल्या जुन्या कपड्याचा एखादा मऊ तुकडा आणा, टाकून द्यायला मन होत नाही असा. झगा त्याचाच करू.